परतीचं पान

६ फेब्रुवारी
काउंटर क्रमांक तीन, जेवणाच्या सुट्टीत

ताई,

बातमी आधी सांगते, मग बाकीचं. आमचं ऑफिस ३१ मेला बंद होतंय. काल संध्याकाळी शटर अर्धं ओढल्यावर मॅनेजरने आम्हा तिघींना आत बोलावलं आणि मुख्य ऑफिसचा कागद वाचायला घेतला. मध्येच त्याला खोकला आला, म्हणून शेवटचा परिच्छेद मीच वाचला. आवाज बरा आहे ना माझा, एकोणतीस वर्षं 'पुढचे कोण?' ओरडून कमावलेला.

कारण सगळ्यांना ठाऊक आहे. लोक आता घरी बसून कॉम्प्युटरवर विमानाचं तिकीट काढतात. आमच्याकडे येतात ते दोनच प्रकारचे. एक, ज्यांना कॉम्प्युटर जमत नाही. दोन, ज्यांना घरी करमत नाही. दुसऱ्या प्रकारात एक निवृत्त सर्व्हेयर आहेत. दर सोमवारी येतात, नवीन वेळापत्रक मागतात, सोफ्यावर बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतात आणि घरी जातात. आयुष्यात विमानात बसलेले नाहीत. त्यांना मी अजून सांगितलेलं नाही.

तू पाहिलं होतंस ते ऑफिस आता राहिलेलंही नाही म्हणा. तेव्हा सहा काउंटर होते, आता तीन. काचेतलं हातभर लांब विमान अजून आहे, पण शेपटीवरचा रंग जुनाच. कंपनीने मध्ये दोनदा रंग बदलला, आम्हाला कळवायचं राहिलं. भिंतीवर पाच शहरांची पाच घड्याळं आहेत, त्यातली दोन बंद पडलीत. कोणी विचारलं तर मी सांगते, तिथे आज सुट्टी आहे.

तर १ जूनपासून मी दिवसभर घरी. छप्पन्नाव्या वर्षी मला दुसरीकडे कोण घेणार, आणि घेतलं तरी मला तिकीट लिहिण्यापलीकडे येतं काय? माझ्याकडची मागची खोली रिकामी आहे. भावोजी गेल्यापासून चार वर्षं तू मुलाकडे आहेस. मी म्हणते, इकडे ये. तिकिटाची पुस्तकं संपायच्या आत तुझं तिकीट मी माझ्या हाताने लिहून पाठवते. दोन नंबरच्या काउंटरवाली हात करतेय, गिऱ्हाईक आलं.

ठकू


१९ फेब्रुवारी

ठकू,

तुझं पत्र मी जिन्यात उभी राहून वाचलं. घरात वाचलं की सूनबाई विचारते, काय म्हणते मावशी? मग काहीतरी सांगावं लागतं. फोनचंही तेच. फोन हॉलमध्ये, टीव्हीच्या शेजारी. आपण बोलायला लागलो की ते टीव्हीचा आवाज मुद्दाम कमी करतात, आणि मग मला बोलवत नाही. पत्रच बरं.

सून वाईट नाही. आधीच सांगून ठेवते, नाहीतर तू तिकडे लगेच पदर खोचशील. जागा लहान आहे, एवढंच. नात चौदाची झाली. तिला दार लावून बसायचं असतं. मी आत असले की ती दार लावतही नाही आणि उघडंही ठेवत नाही, अर्धवट ठेवते. म्हणून गेल्या महिन्यापासून मी हॉलमधल्या सोफ्यावर झोपते. मला कोणी जा म्हटलं नाही, माझी मीच उठले. सव्वीस वर्षं मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते मी. तिघींच्या खोलीत चौथी खाट टाकली की काय होतं, ते मला कोणी शिकवायला नको.

तुझं ऑफिस बंद होतंय याचं वाईट वाटलं. तू विनोद करतेस म्हणजे तुला जास्तच लागलंय.

तुझ्याकडे यायला आवडेल. खूप आवडेल. किती दिवसांसाठी, ते मी विचारणार नाही. पाहुण्याने तसं विचारलं की घरच्याला खोटं बोलावं लागतं. वसतिगृहात मुलींच्या आया पाहुण्यांच्या खोलीत उतरायच्या, तेव्हा मी रजिस्टरमध्ये येण्याच्या तारखेशेजारीच जाण्याची तारीख लिहून घ्यायचे. कोणी मागे रेंगाळलं की मीच जाऊन दारावर टकटक करायचे. तेव्हा त्या बायांचे चेहरे कसे व्हायचे, ते आठवतं मला. आपल्यावर ती वेळ यायला नको. तुझं तिकीट आलं की कळेलच.

ताई


२ मार्च
काउंटर तीन

ताई,

तिकीट सोबत आहे. दोन नंबरवाली म्हणाली, मशीनवर छाप की, दोन मिनिटांचं काम. मी म्हटलं, नाही, हे हाताने. कार्बनचा लाल रंग बोटांना लागला तर घाबरू नकोस, साबणाने जातो. माझा एकोणतीस वर्षांत पूर्ण कधी गेला नाही, ती गोष्ट वेगळी.

९ एप्रिल, सकाळचं विमान. खिडकीची जागा दिली आहे, पंखावरची नाही, पुढची. तिथल्या विमानतळावर पहिलं पान फाडून घेतील. तेवढं एक लक्षात ठेव. बाकी मागे बारीक अक्षरात काय काय छापलेलं असतं, ते कोणी वाचत नाही. मीसुद्धा कधी वाचलेलं नाही आणि मी ते विकते.

मागची खोली रंगवायला काढली आहे. पूर्वी तिथे जुनी वेळापत्रकं आणि एक मोडका पंखा होता. वेळापत्रकं सर्व्हेयरसाहेबांना दिली. त्यांनी रिक्षा करून नेली! रंग कोणता हवा ते कळव.

ठकू


१४ मार्च

ठकू,

तिकीट पोचलं. तू नको म्हणालीस तरी मी सगळं वाचलं, मागची बारीक अक्षरंसुद्धा, चष्म्यावर भिंग धरून. सवय जात नाही. नियम छापलेले असले म्हणजे कोणीतरी ते पाळावेत म्हणूनच छापलेले असतात.

दोन्ही तारखा पाहिल्या. मुलालाही सांगितल्या, त्याने कॅलेंडरवर गोल केले. तू सगळं नेमकं लिहून पाठवलंस ते बरं झालं, कोणाला कोणाचं तोंड बघत बसायला नको. मला वाटलं होतं की... असो. वाटण्याला काय, काहीही वाटतं.

रंग तुला आवडेल तो दे. घर तुझं आहे. सामान फार आणत नाही, एक लहान बॅग पुरेल.

ताई


२५ मार्च

ताई,

एक लहान बॅग? शहाणी आहेस. लागेल ते इथे मिळतंच.

रंग शेवटी पांढरा दिला. तू काही बोललीच नाहीस. रंगाऱ्याने विचारलं, कोण येणार आहे? मी म्हटलं, माझी बहीण, आणि तिच्या नजरेतून एकही डाग सुटत नाही. त्याने बिचाऱ्याने तिसरा हात मारला.

इथे रोज काहीतरी उचललं जातं. परवा टोकनचं यंत्र गेलं. आता मी हाताने कागदावर आकडे लिहून वाटते. गिऱ्हाइकं चारच असतात, तरी वाटते, नाहीतर चौघं एकदम बोलतात. सर्व्हेयरसाहेबांना अखेर सांगितलं. ते म्हणाले, मग मी सोमवारी कुठे जाऊ? मॅनेजरने त्यांना चहा मागवला. एकोणतीस वर्षांत त्या माणसाने स्वतःहून काही मागवल्याचं मी पहिल्यांदा पाहिलं.

९ तारखेला विमानतळावर आहे मी. बाहेर आलीस की डावीकडे बघ.

ठकू


६ मे

ताई,

तू सुखरूप पोचल्याचं कार्ड मिळालं. बरं झालं.

इथलं काम संपत आलं आहे. काचेतलं विमान खोक्यात भरलं. ते धरायला तिघं लागले आणि ते तिघंही एकमेकांना सूचना देत होते. उरलेल्या तिकीट-पुस्तकांची मोजदाद करून रोज वर कळवावं लागतं. त्यामुळे तू इथे होतीस तेव्हा मला घरी यायला उशीर व्हायचा. तुला त्याचा त्रास झाला असेल तर तो माझा दोष.

आता लिहितेच. तू निघायच्या तीन दिवस आधी दोन नंबरवाली मला म्हणाली, तुझी बहीण चालली वाटतं? आत्ताच फोन करून परतीची जागा पक्की केली तिने. मी म्हटलं, हो. एवढंच म्हटलं. तिच्यासमोर मी काय बोलणार? नियमच आहे तसा, परतीच्या जागेसाठी तीन दिवस आधी ऑफिसला कळवायचं. पण तू माझ्याच ऑफिसला, माझ्या पाठीमागे फोन केलास आणि संध्याकाळी मी घरी आले तर तू शांतपणे वाटाणे सोलत बसली होतीस. मी वाट पाहिली, तू सांगशील म्हणून. दुसऱ्या दिवशीही पाहिली. तिसऱ्या दिवशी बॅग दाराशी.

तुझा जीव तिकडे मुलात, नातीत. ते मला आधीच समजायला हवं होतं. माझ्याकडे काय आहे? दिवसभर बंद घर आणि संध्याकाळी दमलेली मी. तुला नाही आवडलं, तर नाही आवडलं. पण तोंडाने सांगितलं असतंस तर बरं वाटलं असतं.

मागची खोली बंद केली आहे. धूळ नको म्हणून.

ठकू


१७ मे

ठकू,

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तीनदा डोकं फिरलं. उलट्या बोंबा कशाला म्हणतात ते आज कळलं.

मी तुझ्या पाठीमागे काय केलं? तिकिटाच्या मागे छापलंय, परतीच्या प्रवासाआधी बहात्तर तास ऑफिसला कळवावे, न कळवल्यास जागा रद्द होईल. मी कळवलं. ऑफिस तुझं निघालं, त्याला मी काय करू? तूच लिहिलंस ना तिकिटावर, येणं ९ एप्रिल, जाणं ३० एप्रिल? तुझ्याच अक्षरात आहे. मार्चमध्ये ते पान मी भिंग धरून दोनदा वाचलं. तुझं आधीचं पत्र वाचून मी भलतंच समजून बसले होते. मला वाटलं होतं, तू मला राहायला बोलावतेस. मग तारीख बघितली आणि म्हटलं, बाई, शुद्धीवर ये. एकवीस दिवस दिलेत, एकवीस दिवस राहायचं. एकवीसचे बावीस होऊ द्यायचे नाहीत.

आणि तू वाट पाहत होतीस म्हणतेस. मीसुद्धा पाहत होते, शेवटच्या मिनिटापर्यंत. बॅग मी मुद्दाम दाराशी ठेवली, तू काहीतरी म्हणशील म्हणून. तू म्हणालीस, "सगळं घेतलंस ना?" मी म्हटलं, हो. त्यावर माणसाने आणखी काय म्हणायचं?

असो. माझी एक बातमी आहे, तीही कळवते. मुलाने माझ्यासाठी एक जागा पाहिली आहे. शहराबाहेर, झाडं वगैरे आहेत, आमच्या वयाची चाळीस माणसं. माहितीपत्रक छान छापलंय. खोलीत दोघी. भेटायच्या वेळा चार ते सहा. तिथे रेक्टरसुद्धा आहे, गंमत बघ. ३० जूनपर्यंत हो की नाही ते कळवायचंय, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल. मी अजून काही म्हटलेलं नाही, पण नाही म्हणायला माझ्याकडे कारण काय आहे?

ताई


२६ मे
काउंटर तीन, खुर्ची गेली म्हणून खोक्यावर बसून

ताई,

कपाळावर हात मारून घेतला. खरोखर मारला, दोन नंबरवाली दचकली.

नीट वाच. विमान कंपन्यांचा एक वेडगळ हिशेब असतो. नुसतं जायचं तिकीट महाग, आणि जाऊन-येऊन तिकीट त्याच्यापेक्षा स्वस्त. का, ते मला विचारू नकोस, एकोणतीस वर्षांत मलाही कोणी सांगितलेलं नाही. त्यामुळे ज्याला एकदाच जायचंय त्यालाही आम्ही जाऊन-येऊनच लिहून देतो. दुसरं पान त्याने फेकून द्यायचं. अर्धी दुनिया फेकते. त्या पानावर कोणतीतरी तारीख घालावी लागते, नाहीतर स्वस्त दर लागत नाही. मी ३० एप्रिल घातली, कारण त्या दिवशी ते विमान रिकामं असतं. डोळे मिटून घातली, ताई. त्या तारखेला काडीचाही अर्थ नव्हता.

तुला सांगायला हवं होतं, हे दुसरं पान फाडून टाक. मला ते सुचलंच नाही. इथे हे सांगावं लागत नाही कोणाला, शिपायालासुद्धा माहीत असतं. आणि अख्ख्या जगात ते पान वाचून, मागचे नियम वाचून, बहात्तर तास आधी फोन करणारी बाई एकच, ती माझ्याच नशिबी आली.

आता घाई कर. माझ्याकडे पाच दिवस आहेत आणि पुस्तकात सात तिकिटं. तारीख कळव, मी नवीन लिहून ठेवते. मीच फोन केला असता, पण हॉलमध्ये सगळ्यांसमोर तुला बोलवत नाही; तू बाहेरून काउंटरवर फोन कर, मी उचलते. ३१ ला संध्याकाळी पाचनंतर मशीन बंद. तुझ्या त्या झाडंवाल्या जागेला काय ते कळवून टाक.

ठकू


७ जून

ठकू,

तुझं पत्र ४ जूनला पोचलं. तोपर्यंत तुझं मशीन बंद झालं होतं. बरंच झालं.

विमान कंपनीचा हिशेब समजला. तुझी चूक समजली, माझीही समजली. आपण दोघी आपापल्या नोकऱ्या घरी घेऊन आलो, असं म्हणू. हसूसुद्धा आलं मला. पण मग परत वाचलं आणि हसू गेलं.

ठकू, पानावरची तारीख तू डोळे मिटून घातलीस, मान्य. पण एकवीस दिवस तुझे डोळे उघडे होते ना? सकाळचा चहा आपण रोज एकत्र घेतला. खोलीचा रंग, ऑफिसचे खोके, तो सर्व्हेयर, सगळ्यावर बोललीस. 'राहा' म्हणाली नाहीस. मीही 'राहू का' म्हणाले नाही, तो माझा ताठा. पण घर तुझं आहे. बोलवायचं ते घरच्याने.

आणि आता हा खुलासा. चार परिच्छेद, त्यात दर आहेत, मशीन आहे, सात तिकिटं आहेत, पाच दिवस आहेत. मी कुठेय त्यात? 'तारीख कळव.' अगं, मी काय तुझ्या काउंटरवर उभी आहे?

मला तिकीट पाठवू नकोस. तिकीट वाचून तुझ्या मनात काय आहे ते ओळखायचा उद्योग मी पुन्हा करणार नाही. तुला काय हवंय ते सरळ लिही. मला कीव म्हणून बोलावत असशील तर तेही लिही, मी चाळीस माणसांत सुखाने राहीन, मला सवय आहे. ३० जून लक्षात ठेव.

ताई


१५ जून
घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर

ताई,

चार कागद फाडले. हा पाचवा, हा काहीही झालं तरी टाकणार.

मला तू हवी आहेस. माझ्याकडे, कायमची. तुझी सोय व्हावी म्हणून नाही, कीव तर नाहीच. मला एकटीला राहवत नाही म्हणून.

ऑफिस बंद होऊन पंधरा दिवस झाले. मी अजून रोज साडेआठला डबा भरते आणि मग आठवतं. एक दिवस भरलेला डबा घेऊन तिथपर्यंत गेलेसुद्धा. काचेला आतून कागद लावलाय, चपलांचं दुकान येणार आहे म्हणे. समोरच्या बाकावर सर्व्हेयरसाहेब बसले होते, सोमवार होता. आम्ही दोघांनी डबा खाल्ला. ते म्हणाले, आता तुम्ही तरी कुठेतरी जाऊन या. मी म्हटलं, मला जायचं नाहीये, मला कोणीतरी यायला हवंय. परक्या माणसाला हे मी बसल्या बसल्या सांगितलं, आणि तुला एकवीस दिवसांत सांगता आलं नाही.

का आलं नाही ते शोधत होते. आई गेली तेव्हा मी अकराची आणि तू एकवीसची. तू मला वाढवलंस, वेण्या घातल्यास, माझ्यासाठी लग्न दोन वर्षं पुढे ढकललंस. तुला 'राहा' म्हणायची मला भीती वाटली, ताई. तू नाही म्हणाली असतीस तर? काउंटरवर 'नाही' म्हणायचं काम माझं होतं. जागा नाही, आज नाही, त्या दरात नाही. ऐकायची मला सवय नाही. म्हणून मी विचारलंच नाही, आणि तू फोन करून जागा पक्की केलीस हे कळलं तेव्हा वाटलं, बघ, न विचारताच उत्तर मिळालं.

तू होतीस ते एकवीस दिवस मी संध्याकाळी जिना भराभर चढत होते. वर कोणीतरी आहे म्हणून. हे तुला कसं दिसणार? तू तर दार उघडलंस की आधी म्हणायचीस, चपला बाहेर.

तू आलीस की माझी भांडी पुन्हा लावशील आणि मी चिडेन. भाजीत मीठ कमी म्हणशील. नियमांचा कागद भिंतीला लावशील, लाव. आपण भांडू. पण राहा. तू मरेपर्यंत किंवा मी मरेपर्यंत, जे आधी होईल ते.

यापेक्षा सरळ मला लिहिता येत नाही.

ठकू


२६ जून

ठकू,

तुझं पत्र हॉलमध्ये बसून वाचलं, सगळ्यांसमोर. मध्येच चष्मा काढून पुसावा लागला, तेव्हा सूनबाईने टीव्ही बंदच केला. काय म्हणते मावशी? मी म्हटलं, राहायला बोलावतेय, कायमचं. मुलगा म्हणाला, आई, तुला जायचंय? मी म्हटलं, हो. एवढंच. या एका शब्दासाठी आपण दोघींनी चार महिने टपाल खात्याला कामाला लावलं. त्या झाडंवाल्यांना त्याने लगेच नाही कळवलं. नात रडली. तिला म्हटलं, आता दार खुशाल लावून बस, तर आणखीच रडली.

तिकीट काढायला मी स्वतः गेले. इथलं विमान कंपनीचं ऑफिस केव्हाच बंद झालंय. एका प्रवास एजंटकडे एक बाई बसलेली होती, तिशीची, कानाला फोन, डोळे पडद्यावर. तिने म्हटलं, काकू, जाऊन-येऊन घ्या, स्वस्त पडेल. मी म्हटलं, नुसतं जायचं द्या. तिला वाटलं मला कळलं नाही. तिने पडदा माझ्याकडे फिरवून दोन्ही आकडे दाखवले. मी म्हटलं, दिसतंय मला, नुसतं जायचं द्या. मग तिने खुर्ची पुढे ओढली आणि लहान मुलाला सांगावं तसं समजावलं, परतीचं पान तुम्ही वापरायचंच नाही, फेकून द्यायचं.

मी तिला म्हटलं, बाई, परतीचं पान हातात असलं की मी परत येते. माझा स्वभावच आहे तसा. तेव्हा ते पान नकोच.

तिने माझ्याकडे असं बघितलं की आता ही म्हातारी घरचा पत्ता विसरलेली दिसते. पण दिलं. जास्त पैसे गेले. आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट महाग घेऊन मला इतका आनंद झाला. मागचे नियम वाचलेले नाहीत.

८ जुलैला दुपारी पोचते. विमानतळावर येऊ नकोस. घरीच थांब, मी टॅक्सी करून येईन. घ्यायला पाहुण्यांना जातात.

ताई